उन्हाळी वाचन: या सुट्टीत काय वाचताय?

दर उन्हाळ्यात मी एक जाडजूड पुस्तक काढून ठेवते. यंदा कोणतं, हे तुम्हीच सुचवा. नुसतं नाव नको, त्या पुस्तकानं तुम्हाला कसं धरून ठेवलं तेही लिहा.

*

राजकीय चरित्रांच्या वाटेला मी जात नसे. निवडणुका, डावपेच, पुन्हा निवडणुका! रॉबर्ट कॅरो यांनी लिहिलेल्या, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांच्या चरित्रानं ते मत पार बदललं. पहिला खंड १९८२चा, चौथा २०१२चा. पहिल्या खंडात एका प्रकरणात जॉन्सन बाजूलाच राहतात. टेक्सासच्या ज्या डोंगराळ भागातले ते होते, तिथे वीज येण्याआधी बायका विहिरीतून पाणी शेंदत, ते वाहून आणत, भर उन्हाळ्यात चूल पेटवून लोखंडी इस्त्र्या तापवत, त्याचंच वर्णन आहे. ती माणसं बोलती व्हावीत म्हणून कॅरो स्वतः तिथे जाऊन राहिले होते. ते वाचल्यावर वीज आणणाऱ्या खासदाराला, म्हणजे जॉन्सनना, लोकांनी इतकं का मानलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. सगळे खंड जमणार नसतील तर निदान एवढं प्रकरण वाचाच.

*

माझं मत दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेलांच्या आत्मचरित्राला. बराचसा मजकूर त्यांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात चोरून लिहिला. कागद बागेत पुरले होते, त्यातले काही सापडलेही, पण नक्कल आधीच बाहेर गेली होती. १९९४ साली पुस्तक आलं. त्यांच्या राजकीय संघटनेचे तपशील जड वाटले तर भरभर पुढे जा, बालपणाचा भाग मात्र सावकाश वाचा.

*

तुरुंगाचा विषय निघालाच आहे, तर ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून मी त्यांना रोज एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण, वाचून दाखवायचे. पायांना माती लागू नये म्हणून आई लुगड्याचे ओचे पसरते, तिथे माझा आवाज अडला. पुढचं वाक्य बाबांनी डोळे मिटूनच पूर्ण केलं. लहानपणी त्यांनीच मला ते वाचून दाखवलं होतं.

*

मुलगा दहा वर्षांचा आहे, पुस्तक उघडतच नाही. त्याला काय देऊ?

*

ताई, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा, ऐन रंगात आलं की थांबा आणि पुस्तक तिथेच उघडं ठेवून उठा. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी ते उशाखाली सापडलं.