रिफ्लेक्टिव्ह पट्टीचा प्रिझमवाला साचा करून घ्यायचाय, सल्ला हवा

वाळूजचा_मोल्डर
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझं लहान मोल्डिंगचं शॉप आहे. गाड्यांना मागं लावतात ती रेडियमची पट्टी, त्यातला प्रिझमवाला प्रकार, मला स्वतः करून बघायचाय. काचमण्यांचा नको. प्रिझमच्या पट्टीत मागच्या अंगाला बारीक पिरॅमिड असतात, प्रत्येकाची तीन तोंडं एकमेकांशी काटकोनात. उजेड तिन्हींवर आपटतो आणि आला त्याच दिशेनं परत जातो.

मला फक्त साचा हवाय. १०० बाय १०० मिमी, पिरॅमिड पाडणाऱ्या चरींमधलं अंतर अर्धा मिमी. त्यावर पॉलिकार्बोनेटची पातळ शीट माझ्या जुन्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये गरम दाबून ठसा घेईन. बजेट साडेतीन लाख, सगळं धरून.

गाळप सुरू झालं की धुळे-सोलापूर रस्त्यावर रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या चालतात. मागं एक तर काहीच नसतं, नाहीतर चिखल खाऊन मेलेली पट्टी. टायरगाड्यांना, म्हणजे टायरच्या बैलगाड्यांना, तर तेही नाही. म्हणून हे डोक्यात बसलंय. कोणत्या पद्धतीनं करावं, कुठून करून घ्यावं?

गेवराईचा_ट्रॅक्टरवाला
दादा, साचा कशाला? चांगल्या कंपनीचा रोल घ्या, पत्रा आधी पेट्रोलनं पुसा, उन्हात तापू द्या, मग चिकटवा. माझ्या दोन्ही ट्रॉल्यांची पट्टी मागच्या हंगामात लावली, अजून कोपरा उचलला नाही. लोक धुळीवरच चिकटवतात अन् मग म्हणतात रेडियम खराब निघालं.

वाळूजचा_मोल्डर
भाऊ, तुमचं पटलं, पण मला पट्टी विकत घ्यायची नाही. साचा करायचाय.

स्पार्कवाला_चिकलठाणा
स्टीलमध्ये ईडीएमनं, म्हणजे ठिणगीनं धातू झिजवून काढा. इलेक्ट्रोड तांब्याचा, काम एका आठवड्याचं. आमच्याकडं रोज याच्यापेक्षा बारीक कामं निघतात.

टूलरूम_शिकलेला
स्पार्कनं होणार नाही. मी चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये शिकलोय, स्पार्कचं फिनिश कसं येतं ते हातानं पाहिलंय. ठिणगीचे खड्डे राहतातच. इथं तोंड आरशासारखं लागतं, खडबडीतपणा काही नॅनोमीटरमध्ये. आणि पॉलिश मारायला गेलात तर कडा गोल होतात, पिरॅमिडला कडाच राहिल्या नाहीत तर उरलं काय?

जगात हे दोन-तीन वाटांनी करतात. एक, हिऱ्याच्या टूलनं पितळ, तांबं किंवा जास्त फॉस्फरसच्या इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय चढवलेल्या) निकेलवर तीन दिशांनी व्ही चरी मारायच्या, दिशा एकमेकींशी ६० अंशांत, चरीचा कोन ७०.५ अंश. स्टीलवर हिरा चालत नाही, लोखंड त्यातला कार्बन ओढून घेतं आणि धार जाते. दोन, पिनांचा जुडगा. षटकोनी पिनेच्या टोकाला तीन तोंडं लॅप करायची, म्हणजे बारीक पावडरीनं घासून गुळगुळीत करायची, आणि पिना घट्ट बांधायच्या. मी पिनाच सुचवीन. चरी मारलेल्या त्रिकोणी पिरॅमिडमध्ये समोरून पडलेल्या उजेडाला दोन तृतीयांशच जागा कामाची, कोपऱ्यांतला उजेड वाया जातो. षटकोनी पिनेत पूर्ण जागा काम करते.

स्पार्कवाला_चिकलठाणा
बारीक करंटवर, पावडर मिसळलेल्या डायलेक्ट्रिक तेलात आरसा फिनिश येतं. आम्ही काढतो.

टूलरूम_शिकलेला
लेन्स कव्हरच्या मोल्डला पुरेल तेवढं येतं. या कामाला पुरत नाही.

लातूरची_मशीनिस्ट
साडेतीन लाखांत काही होत नाही. एअर बेअरिंगचं, म्हणजे हवेच्या थरावर स्पिंडल फिरणारं, अल्ट्रा प्रिसिजन मशीन लागतं, खोलीचं तापमान एका अंशात धरावं लागतं. भांडवल उभं करा, मग या. अर्धवट करून पैसे घालवू नका, मनापासून सांगते.

परभणी_पॉवरप्रेस
वर ताई म्हणाल्या तेच. मशीन घ्या. नाहीतर पिनाच सरळ मोल्डमध्ये बसवा, स्वस्तात होईल.

निकेलवाला_वाळूज
पिना सरळ मोल्डमध्ये बसवल्या तर उलटं होईल. पिनेचं टोक वर आलेलं असतं, ते मोल्डमध्ये ठेवलं तर प्लास्टिकमध्ये खड्डा पडेल. आपल्याला प्लास्टिकवर टोक हवंय. चरी मारलेल्या पितळेचंही तेच, तिथंही टोकं वरच. म्हणून मास्टर, म्हणजे मूळ नमुना, कोणताही घ्या, त्यावर निकेल चढवून पत्रा वाढवावा लागतो, तो सोडवला की त्यात खोल घरं मिळतात. तोच तुमचा साचा. इलेक्ट्रोफॉर्मिंगशिवाय गत्यंतर नाही.

आता ते कुठं करायचं. शोभेचं ब्राइट निकेल करणाऱ्याकडं देऊ नका. एका शॉपमध्ये दिलेल्या कामाचा पत्रा मी पाहिलाय, ब्राइटनरमुळं (चकाकीच्या रसायनामुळं) ताण इतका की अर्ध्यातच कोपरा मास्टरवरून उठला आणि पत्रा द्रोणासारखा वळला. निकेल सल्फामेटचा बाथ (निकेल चढवायचं द्रावण) हवा, ५० अंशांच्या आसपास, पीएच ४ च्या जवळ, क्लोराइड कमी. वेळेचा हिशोब असा: एक अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला तासाला सुमारे १२ मायक्रॉन चढतं. तीन अँपिअरनं चालवलं तर तीन मिमी जाडीला ८० तास. मधे लाईट गेली तर निकेलवर पापुद्रा धरतो, पुढचा थर त्याला नीट चिकटत नाही, नंतर दाबाखाली दोन थर सुटतात. रेक्टिफायरला (बाथला डीसी वीज देणाऱ्या यंत्राला) बॅकअप आहे का हे आधी विचारा, मग दराचं बोला.

पितळेवर सरळ चढवाल तर ते सुटणार नाही, हेही लक्षात ठेवा. आधी पातळ निकेल, ते डायक्रोमेटमध्ये बुडवून पॅसिव्हेट, म्हणजे वरचा थर चिकटू नये असं करायचं, मग जाड निकेल.

जालना_सीड्सवाला
पण एवढी उठाठेव काहून? बाजारातला चांगला रिफ्लेक्टर फोडा, मागच्या बाजूवर सिलिकॉन ओता, झाला साचा, त्यात इपॉक्सी ओता की रिफ्लेक्टर तयार. मी शेतातल्या गेटसाठी असाच करून पाहिला, चमकतो की.

कोनमापी_नांदेड
टॉर्च दोन हातांवरून मारली तर काहीही चमकतं. शंभर मीटरवर बघा. तिन्ही तोंडांमधल्या काटकोनात प्रत्येकी ५ मिनिटांचा फरक पडला, अंशाच्या बाराव्या भागाचा, तर पॉलिकार्बोनेटमध्ये परतणारा किरण साधारण २६ मिनिटं भरकटतो. आणि रिफ्लेक्टरची चाचणी घेतात २० मिनिटांच्या निरीक्षण कोनावर, म्हणजे दिवा आणि बघणारा यांच्यातल्या कोनावर. म्हणजे मुख्य झोत चाचणीच्या यंत्राला चुकवून जाणार. अगदी अचूक काटकोनही नको असतो, कारण ड्रायव्हरचा डोळा हेडलाइटच्या वर असतो, तिथंपर्यंत थोडा उजेड पसरला पाहिजे. ती मिनिटभराची चूक मुद्दाम ठेवतात. सिलिकॉन-इपॉक्सीत चूक किती आली ते तुमच्या हातात राहत नाही. शिवाय दुसऱ्याची नक्कल करून विकली तर कायद्याचं लफडं वेगळं.

जालना_सीड्सवाला
मी विकायचं म्हटलंच नाही. शेतात काम भागतं माझं.

देगलूरचा_फिटर
तुम्ही कशाला पट्टीच्या मागं डोकं लावायलाव, मोल्डेड लाल रिफ्लेक्टर करा. दोन स्क्रू मारले की बसला. पण मागचं झाकण नीट वेल्ड झालं पाहिजे. आमच्या टिप्परचे रिफ्लेक्टर सर्व्हिसिंगला धुतले तेव्हा पाणी आत गेलं, तेव्हापासून रात्री काळे दिसतात. नवे बसवून दिले नाहीत, बिल मात्र पूर्ण घेतलं.

कोनमापी_नांदेड
त्याचं कारण इथं सगळ्यांना कामाचं आहे. समोरून आलेला किरण पिरॅमिडच्या तोंडावर ५४.७ अंशांनी पडतो. पॉलिकार्बोनेटच्या मागं हवा असेल तर ३९ अंशांच्या पुढं सगळा उजेड आतच परततो, त्यामुळं चालतं. मागं पाणी आलं की ती हद्द ५७ अंशांवर जाते आणि किरण पाण्यात निघून जातो. ॲक्रिलिकचे आकडे थोडे वेगळे, गत तीच. वाळूजदादा, तुमच्या ठशावर मागून पाण्याचा एक थेंब टाकून पुढून टॉर्च मारा. तेवढाच ठिपका विझेल. ठसा खरंच काम करतोय का याची सगळ्यात स्वस्त परीक्षा हीच. आणि पट्टी करायची तर मागचं सील विसरू नका. विकतची पट्टी भिंगाखाली धरा, षटकोनी किंवा चौकटीच्या रेषा दिसतील. त्या रेषांवर मागची फिल्म वेल्ड केलेली असते, म्हणजे एका घरात पाणी शिरलं तरी शेजारचं वाचतं.

नियमवाले_काका
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. मोटार वाहनाला लावायच्या पट्टीचं सरकारी मानक एआयएस-०९०, रिफ्लेक्टरचं एआयएस-०५७. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी आणि पट्टीवर खूण लागते. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. रस्त्याच्या फलकाला आयआरसी ६७ हे मानक. हे न करता विकाल तर आरटीओच्या दारात ग्राहक अडकेल.

गेवराईचा_ट्रॅक्टरवाला
म्हणून म्हणतो रोल घ्या. खूण असलेला. पेट्रोलनं पुसा.

परभणी_पॉवरप्रेस
प्रेसचं सांगतो, त्यात माझी हयात गेली. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांपाशी नरम होतं, तुम्ही १७० ते १८० ला दाबा. आणि दाब सोडायची घाई करू नका. दाबातच १२० च्या खाली आणा, मग उघडा. गरम असताना उघडलं की टोकं परत बसतात. शीट आधी १२० ला सुकवून घ्या, नाहीतर फोड येतील. घरांत हवा अडकते, त्यामुळं टोक भरत नाही. व्हॅक्यूम नसेल तर मधोमध किंचित फुगवट्याची रबर शीट ठेवा, हवा कडेकडेनं निघते. उन्हासाठी वरून यूव्हीची फिल्म पाहिजेच, नाहीतर मराठवाड्याच्या उन्हात पिवळं पडेल.

टूलरूम_शिकलेला
मग ठरलं ना, पिना?

निकेलवाला_वाळूज
पिनाच. मीही तेच म्हणेन. तयार जुडगा कुठून मिळाला तर अजून बरं.

वाळूजचा_मोल्डर
सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार केला. मी पिना करत नाही, तयारही घेत नाही.

कारण खोली. अडीच मिमीची षटकोनी पिन घेतली तर पिरॅमिड दोन मिमी खोल होतो. मोल्डेड रिफ्लेक्टरला उत्तम, पण पातळ पट्टीला तो बसतच नाही, आणि अर्ध्या मिमीच्या पिना लॅप करणं माझ्या आवाक्याबाहेर. एक तृतीयांश उजेड गेला तरी मला चरीच हव्यात. मोठं मशीनही घेत नाही.

ठरवलंय ते असं. एकस्फटिकी हिऱ्याचं ७०.५ अंशांचं टूल मागवतो, बजेटचा मोठा भाग त्यातच जाईल. माझ्या मिलिंगवर फ्लायकटर (एकाच धारेचं फिरतं टूल) लावून पितळेची प्लेट कापतो. १०० ऐवजी ४० बाय ४० मिमी आणि चरींत एक मिमी अंतर, म्हणजे खोली ०.४७ मिमी येते. ६० अंशांची फिरवाफिरव रोटरी टेबलवर नाही, साइन बारनं (कोन मोजायच्या अचूक पट्टीनं) तपासलेल्या फिक्स्चरवर करणार. तिसऱ्या दिशेची चर आधीच्या दोघींच्या छेदावरून नेमकी गेली पाहिजे, सगळा जीव तिथं आहे. दिवसा शेजारचा पॉवर प्रेस चालतो, हादरे येतात, म्हणून कटिंग रात्री.

नियमवाले काका, विकण्याचं तुम्ही बजावलंत ते लक्षात आहे. आधी टायरगाड्यांसाठी तुकडे करून वाटतो, मंजुरीचं पट्टी जमल्यावर.

लातूरची_मशीनिस्ट
मिलिंगच्या स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते, मोजलात का? फ्लायकटरला एकच धार असली तरी बेअरिंगची थरथर तोंडावर रेघोट्या काढते. आधी जुन्या टूलनं ॲल्युमिनियमवर एक चर मारा आणि भिंगाखाली बघा. हिरा त्यानंतर मागवा.

वाळूजचा_मोल्डर
हे करतो ताई. हिऱ्याची ऑर्डर थांबवली.

निकेलवाला_वाळूज
प्लेट तयार झाली की कडेला दहा मिमी कोरी पट्टी सोडा, कॉन्टॅक्ट धरायला जागा लागते. आणि हात न लावता आणा, बोटाचा ठसासुद्धा निकेलमध्ये उतरतो.

गेवराईचा_ट्रॅक्टरवाला
तुकडे झाले की आमच्याकडं पाठवा दादा. आमच्या तांड्यावरच्या टायरगाड्या दिवाळीनंतर कारखान्यावर निघतात, त्याआधी लावू. पत्रा मी पुसून ठेवतो.