ग्रिट्स: कोणी कसे खाल्ले, आवडले का, लिहा बरं

उंबरठा:
आम्ही जॉर्जिया सोडून न्यूजर्सीला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा दुकानात ओट्सच्या रांगेत खाली कोपऱ्यात पांढऱ्या ग्रिट्सची, म्हणजे मक्याच्या जाडसर भरड्याची, पिशवी दिसली, दगडी जात्यावर दळलेले, आणि मी ट्रॉली तिथेच आडवी लावून उभी राहिले, मागच्या बाईला दोनदा एक्स्क्यूज मी म्हणावं लागलं. जॉर्जियात मेकनला आमच्या शेजारच्या आजी शनिवारी करायच्या. रात्री भिजत घालायचे, सकाळी वर तरंगलेला कोंडा चहाच्या गाळणीने काढून टाकायचा, एक वाटीला चार वाट्या पाणी, मीठ पहिल्यापासून पाण्यातच, नंतर घातलं तर ते वरवर राहतं म्हणायच्या. मग बारीक गॅसवर तासभर. मध्येमध्ये ढवळत फोनवर बोलणं चालू. दाट व्हायला लागले की फटाफट उडतात, मनगटावर बसला तर असा चटका बसतो, म्हणून झाकण अर्धवट. शेवटी बटरचा गोळा आणि काळी मिरी, बास. पाच मिनिटवाले क्विक एकवेळ ठीक, पण ज्यांनी फक्त गरम पाणी ओतायच्या पाकिटातले खाल्लेत त्यांनी कृपया ग्रिट्सला नावं ठेवू नयेत 😀 बाकी सगळ्यांनी लिहा.

फुकटफौजदार:
मी नावं ठेवणार. हॉटेलातल्या फुकट ब्रेकफास्टमध्ये त्या झाकणाच्या भांड्यात जे असतं ना, पळी उभी राहते त्यात. चव शून्य. मला वाटलं भिंतीला लावायचा चुना संपलेला म्हणून इथे आणून ठेवला.

उंबरठा:
तेच तर म्हणतेय, ते पाकिटातलं!! आणि मीठ नाही घातलं तर मक्याला बिचाऱ्याला स्वतःची चव किती असणार

रातपाळी:
मी नर्स, बर्मिंगहॅम अलाबामा (लंडनवाल्यांनी गोंधळू नये). नाइट संपली की वॉफल हाउस, इथली न्याहारीच्या हॉटेलांची साखळी. ग्रिट्स, दोन अंडी, कॉफी. तिथली बाई मला बघून मेन्यू देतच नाही आता. चोवीस तास उघडं असतं, वादळातसुद्धा, इतकं की सरकारचं आपत्तीवालं खातं, फेमा, वादळ किती वाईट झालं हे वॉफल हाउस उघडं आहे का बंद यावरून पण बघतं. पूर्ण मेन्यू चालू तर हिरवा, थोडाच मेन्यू तर पिवळा, बंद म्हणजे लाल. खोटं वाटेल पण खरं आहे.

चकलीचा_सोऱ्या:
रातपाळीताई झोपा आता 🙏

रातपाळी:
झोपतेच आहे, डोळे मिटत नाहीयेत

आगळवेगळा:
चार्ल्स्टनला या, श्रिम्प अँड ग्रिट्स. कोळ्यांची न्याहारी होती ही मुळात, सकाळी जी कोलंबी मिळेल ती परतून ग्रिट्सवर. गल्ला गीची लोकांचा, म्हणजे भाताच्या शेतीसाठी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांचा यात मोठा हात आहे, पण नाव झालं हॉटेलवाल्यांचं. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला बिल नील म्हणून शेफ होता, त्याच्या हातचं खाऊन १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या क्रेग क्लेबॉर्नने लिहिलं आणि मग सगळीकडे झालं. आता पांढऱ्या टेबलक्लॉथवर भरमसाट डॉलर. आमच्या घरी बायको मालवणची, तिने बेकन पहिल्याच दिवशी हद्दपार केलं, लसूण आणि मालवणी मसाल्यात कोलंबी, उतरवताना कोकमाचं आगळ. ग्रिट्स जरा पातळच ठेवायचे, रस्सा खाली उतरला पाहिजे. ऑफिसातल्या लोकांना घातलं, एक जण ताट चाटत होता.

साधीसुधी:
शाकाहारी लोकांनी काय करायचं? शार्लटला शिफ्ट होतोय जूनमध्ये, कोणी आहे का तिकडे, शाळांबद्दल विचारायचं होतं

आगळवेगळा:
चीज ग्रिट्स मागा. चेडर, लसूण. पण विचारून घ्या, कधी चिकनच्या पाण्यात शिजवतात कधी बेकनची चरबी असते. साउथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, भाजीतही डुक्कर असतं. शाळांसाठी व्यनि (खाजगी निरोप) करतो.

म्हसोबा:
इथे सांगलीत बसून वाचतोय. तुमचं वाचून किराणावाल्याकडे मक्याचा भरडा मागितला. म्हणाला किती पोती, आणि म्हैस गाभण आहे का.

फुकटफौजदार:
😂😂😂 मग काय सांगितलंत

म्हसोबा:
म्हटलं मीच खाणार आहे. त्याने बायकोला बोलावून दाखवला मला. शेवटी मक्याचे वाळके दाणे घेऊन घरच्या मिक्सरला जाडसर काढले आणि चाळले, चाळणीतलं पीठ भाकरीला. झाले बरे. पण आम्ही वर तूप आणि ठेचा घेतला, तुमच्या आजींना सांगू नका.

उंबरठा:
चालेल हो, ठेचा चालेल. साखर नको. त्यावर तिकडे घरं फुटतात. मी पहिल्यांदा साखर मागितली तेव्हा आजींनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, तुझं माहेर उत्तरेकडचं का?

सुनबाई_ऑन_ड्यूटी:
आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या त्यांनी गूळ, तूप, वेलची, वर खोबरं. अख्खं पातेलं. लापशी म्हणून सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाटली, समोरचे अमेरिकन काका दोन वाट्या खाऊन गेले आणि हे काय आहे विचारत होते. ग्रिट्स म्हटल्यावर विश्वास नाही बसला त्यांचा. जन्म टेनेसीतला, म्हणजे साउथचाच. मुलगा उठला, बाय

पडवळ:
थोडी माहिती. खरे हॉमिनी ग्रिट्स असतील तर तो मका आधी चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून साल काढलेला असतो. मूळ रहिवासी हेच करायचे. नुसत्या मक्यात नायसिन (एक ब जीवनसत्त्व) असतं पण शरीराला लागत नाही, चुन्याने ते मोकळं होतं. हे सोडून नुसता दळलेला मका, काकवी आणि चरबीवर राहिल्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साउथमधल्या गरिबांत पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, हजारो माणसं गेली. लोक म्हणत संसर्ग आहे. गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरने आहारामुळे होतो हे दाखवलं, रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं तरी अनेकांना पटेना. आपल्याकडे दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर राहणाऱ्यांतही पेलाग्रा सापडलेला आहे. दूध, डाळ, शेंगदाणे सोबत असतील तर काळजी नको.

चकलीचा_सोऱ्या:
काका आत्ताच वाटी घेऊन बसलो होतो

वऱ्हाडीठेचा:
ज्वारीचं नाव निघालं म्हणून, ताकातल्या कण्या कोणी करते का अजून? आमची आजी उन्हाळ्यात रात्री शिजवून ठेवे, सकाळी ताक, मीठ, कच्चा कांदा. आता ज्वारीचे भाव पाहता श्रीमंतांचं खाणं झालं ते

सुनबाई_ऑन_ड्यूटी:
परत आले. कण्यांना फोडणी का नाही देत तुम्ही? आमच्याकडे जिरं-लसूण लागतंच

वऱ्हाडीठेचा:
फोडणी दिली का त्याची कढी होते बाई

तळ्यातमळ्यात:
साउथ कॅरोलायनात सेंट जॉर्ज म्हणून छोटं गाव आहे, एप्रिलमध्ये ग्रिट्सचा उत्सव असतो. हौदात शिजलेले ग्रिट्स, त्यात लोळायचं. आधी वजन करतात, मग लोळून आल्यावर परत वजन, ज्याच्या अंगाला जास्त चिकटले तो जिंकला. लोक ढगळ पँटी घालून येतात, खिशात भरायला. आईला व्हिडिओ पाठवला तर तिने फोन केला, अन्न पायाखाली घेतात म्हणून अर्धा तास मलाच झापलं, मी फक्त बघायला गेलो होतो. आणि हो, जॉर्जियाने २००२ मध्ये ग्रिट्सला राज्याचा अधिकृत पदार्थ केलंय, उंबरठाताईंच्या आजींचा वशिला असणार.

साधीसुधी:
एकादशीला चालतील का?

फुकटफौजदार:
लोळायला चालतील

म्हसोबा:
उरले तर ताटात थापून फ्रिजला टाका, सकाळी वड्या कापून तव्यावर तेलात खरपूस. पोरांनी सॉस लावून खाल्ल्या. कालच्यापेक्षा आज बरे, असं सौ. म्हणाली.

रातपाळी:
उठले. म्हसोबा, हे इथेही करतात, फ्राइड ग्रिट्स. बरं, तासभर ढवळायला वेळ कोणाकडे आहे, इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या कुकरमध्ये) होतात का?

उंबरठा:
होतात. आत वेगळं भांडं ठेवून, खाली पाणी, नाहीतर तळाला लागून बर्नची पाटी येते. उघडल्यावर पाणी वर आणि दाणे खाली दिसतात, घाबरायचं नाही, रवीने घोटा. फक्त खरवड मिळत नाही. आमच्यात त्यावरून भांडणं व्हायची.

रातपाळी:
खरवड इथे बेसिनमध्ये भिजत पडलीय 😑