‘डिव्हाइस ट्री’साठी ‘संसाधन-सूची’ हा शब्द चालेल का?

प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टिमवरील मराठी लेखनात ‘डिव्हाइस ट्री’ला ‘संसाधन-सूची’ म्हटलेले वाचले. हा प्रतिशब्द योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्रात कोणते हार्डवेअर आहे याचे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, दिलेले वर्णन. कर्नलच्या परिभाषेत डिव्हाइस आणि रिसोर्स या वेगळ्या गोष्टी आहेत. सिरियल पोर्ट किंवा नेटवर्क कार्ड हे उपकरण. त्याच्याशी व्यवहार करण्यासाठी लागणारी मेमरी-पत्त्यांची श्रेणी, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याचा संकेत) क्रमांक, डीएमए चॅनेल (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) ही संसाधने. लिनक्समध्ये एका ड्रायव्हरने (उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रामने) पत्त्यांची श्रेणी स्वतःसाठी राखून ठेवली की दुसऱ्याची त्याच श्रेणीची मागणी नाकारली जाते. म्हणजेच जिचे वाटप करावे लागते आणि जिच्यावरून संघर्ष होऊ शकतो अशी वस्तू, हा अर्थ ‘संसाधन’मध्ये आहे, तो ‘उपकरण’मध्ये नाही.

डिव्हाइस ट्रीमधील बहुतेक नोड, म्हणजे वृक्षातील नोंदी, एखादे उपकरण किंवा बस (उपकरणे जोडणारा मार्ग) दर्शवतात, तर ‘रेग’ (पत्ते) आणि ‘इंटरप्ट्स’ या गुणधर्मांत त्यांची संसाधने नोंदवलेली असतात. शिवाय ‘सूची’ म्हटल्याने मोठा अर्थ हरवतो, कारण एखाद्या नोडमधला पत्ता कसा वाचायचा हे त्याच्या पालक-नोडवर, म्हणजे ते उपकरण ज्या बसवर आहे तिच्यावर, अवलंबून असते. म्हणून ‘उपकरणवृक्ष’ हा शब्द मला अचूक वाटतो.

प्रश्न : मग ‘हार्डवेअरची मांडणी’ असे म्हटले तर? आपण ‘वर्णन’ का म्हणता?

उत्तर : ‘मांडणी’ आपण करतो, उपकरणवृक्ष मात्र मुळात काय अस्तित्वात आहे एवढेच सांगतो. पीसीआय आणि यूएसबी या बसवरील उपकरणे विचारल्यावर स्वतःची ओळख देतात, पण चिपमध्येच बसवलेले टायमर किंवा आयटूसी (साध्या, संथ बसचा एक प्रकार) कंट्रोलर तशी ओळख देत नाहीत, त्यामुळे बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, हे वर्णन कर्नलच्या हाती देतो. ही कल्पना ओपन फर्मवेअर या, यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीच्या, 1994च्या आयईईई 1275 मानकातून आली. लिनक्सच्या एआरएम (प्रोसेसरचा एक प्रकार) शाखेत पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या सी भाषेतील कोडमध्येच लिहिलेली असे. ती वेगळी काढल्याने एकच कर्नल अनेक बोर्डांवर चालवणे शक्य झाले, आणि हे या पद्धतीचे सर्वांत मोठे यश आहे.

वैयक्तिक संगणकांवर हार्डवेअरची माहिती कर्नलला देणाऱ्या एसीपीआय या मानकाला मात्र निव्वळ ‘वर्णन’ म्हणू नये, कारण त्याच्या तक्त्यांत कर्नलने चालवायच्या कृतीही लिहिलेल्या असतात.