जोडलेल्या मजकूर-चौकटी: दुवा कोणाच्या ताब्यात असावा?

मूळ मुद्दा
एका चौकटीत न मावलेला मजकूर पुढच्या चौकटीत आपोआप जावा, ही सोय दोन प्रकारे दिलेली आढळते. अ‍ॅपलच्या कोकोआ या प्रोग्रामिंग-संचामध्ये मजकूर टेक्स्ट स्टोरेज या साठ्यात असतो, लेआउट मॅनेजर हा घटक त्याची मांडणी करतो आणि कंटेनरांची (मजकूर भरायच्या जागांची) क्रमवार यादीही त्याच्याकडेच असते. व्ह्यूचे, म्हणजे पडद्यावरच्या चौकटीचे, काम दाखवण्याचे. विंडोज ८ च्या झॅमल या पडद्याची रचना लिहिण्याच्या भाषेमध्ये मात्र रिचटेक्स्टब्लॉक या मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या ‘ओव्हरफ्लोकंटेंटटार्गेट’ या गुणधर्मात पुढची चौकट नेमून द्यावी लागते. मला पहिली रचना योग्य वाटते, कारण मधली चौकट काढल्यास यादीतून एक नोंद वगळली की भागते. झॅमलमधील दुव्यांच्या साखळीत मात्र आधीच्या चौकटीचा दुवा प्रोग्रामरलाच बदलावा लागतो.

प्रतिसाद १
असहमत. तीन स्तंभांच्या साध्या पानासाठी झॅमलमध्ये तीन घटक लिहून दुवे दिले की काम होते. कोकोआत हीच रचना कोड लिहून हाताने उभारावी लागते. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या टेक्स्टकिट २ या नव्या मजकूर-मांडणी यंत्रणेतील लेआउट मॅनेजरला अ‍ॅपलने एकच कंटेनर दिला, याचा अर्थ काय घ्यायचा?

मूळ लेखकाचे उत्तर
त्यातून जोडणीचा खर्च दिसतो, मालकीचा प्रश्न सुटत नाही. टेक्स्टकिट २ पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरतीच मांडणी करते, तर दुसऱ्या चौकटीची सुरुवात ठरवण्यासाठी पहिली कुठे संपली हे कळावेच लागते; हा विरोध दुवा व्ह्यूकडे दिल्यानेही मिटणार नाही. आणि आपले उदाहरण केवळ वाचनाचे आहे: रिचटेक्स्टब्लॉकमध्ये संपादन होत नाही. संपादन आले की पहिल्या चौकटीच्या शेवटी असलेला कर्सर बाणाच्या कळीने दुसरीत जायला हवा आणि निवड दोन्हींत सलग पसरायला हवी. कोकोआत एकाच लेआउट मॅनेजरचे व्ह्यू निवड सामायिक ठेवतात, ते यासाठीच.

प्रतिसाद २
येथे दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये. एकच मजकूर दोन स्वतंत्र खिडक्यांत दाखवणे हीसुद्धा जोडणीच, पण तिथे सामायिक निवड अडचणीची ठरते. जीटीके या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचामध्ये कर्सरची खूण बफरमध्येच (मजकुराच्या साठ्यातच) असते, त्यामुळे एका बफरवरच्या दोन व्ह्यूंना वेगवेगळे कर्सर मिळत नाहीत. विभागलेल्या खिडकीत काम करणाऱ्याला हे निश्चितच खटकेल. म्हणून निवड मजकुराकडेही नको आणि एकेका व्ह्यूकडेही नको. ती प्रत्येक प्रवाहाच्या, म्हणजे जोडलेल्या चौकटींच्या एकेका मालिकेच्या, मांडणीकडे असावी.

प्रतिसाद १
संपादनापुरते हे मान्य आहे. तरीही केवळ वाचनाच्या पानासाठी व्ह्यूवरचा साधा गुणधर्म काढून टाकू नये. आतून त्याने मांडणीच्या यादीत नोंद केली तरी माझी हरकत नाही.