मदत हवी आहे: पोरीच्या लॅपटॉपात नोट्ससाठी काय टाकावं?

भाऊ-ताईंनो, आम्ही दारव्हा तालुक्यातले. पोरगी बीएस्सीला आहे. लॅपटॉप सेकंडहँड, ४ जीबी रॅम. क्रोमचे तीन टॅब उघडले की पंखा थ्रेशरसारखा घुरघुरतो. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, तेही स्लॅबवर चढलं तर.

मायक्रोसॉफ्टचं नोट्सचं ॲप वननोट पाहिलं, पण त्याच्या नोट्स वनड्राइव्हवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन साठ्यावर, सिंक होतात, ते आमच्या नेटला झेपत नाही. ऑब्सिडियन हे दुसरं नोट्सचं ॲप नेटशिवाय चालतं, नोट्स साध्या मार्कडाउन (साधा मजकूर असलेल्या) फायलींत आपल्याच डिस्कवर राहतात, हे पटलं. जॉप्लिन हे तिसरं ॲपही फुकट अन् ओपन सोर्स (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला). परवा तिची वही पावसात भिजली, केमिस्ट्रीचं अख्खं युनिट निळं पाणी झालं, म्हणून घाई.

अर्ध्या नोट्स मराठीत असतात. ऑब्सिडियन अन् जॉप्लिन या दोन्हींपैकी कशात देवनागरी शब्द नीट शोधता येतो? अन् पेनड्राइव्हवर बॅकअप कसा घेता? रोज वापरणाऱ्यांनीच सांगा जी.