अमेरिकेचं कर्ज आणि आखातातली त्यांची जहाजं: संबंध किती?

वास्कोची_बाय
नमस्कार. माझा भाऊ तेलवाहू जहाजावर तारवटी आहे. २०२३ च्या शेवटी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर मारा सुरू केला, तेव्हापासून आमची आई रात्रीच्या बातम्या संपल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नाही. परवा शेजारी विषय निघाला. एक जण म्हणाले, अमेरिका कर्जाने वाकलीय, ती आता आखाताची राखण करायची नाही. दुसरे म्हणाले, डॉलर छापणाऱ्याला कसली अडचण? यातलं खरं काय?

मांडवीकाठ
दुसरे बरोबर. कर्ज त्यांच्याच चलनात आहे. १९५६ साली सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने इजिप्तमध्ये फौजा उतरवल्या, ती गोष्ट वेगळी होती. पौंड घसरत होता, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा हवा होता आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी बजावलं, आधी फौजा मागे घ्या. अमेरिकेला असं दटावणारा आहे कोण?

रोखेवाला_म्हापसा
बाय, बँकेत माझं सगळं आयुष्य सरकारी रोखे सांभाळण्यात गेलं, म्हणून मी व्याजाच्या बाजूने सांगतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं. पण या आकड्याने घाबरू नका, तो खर्चाला आडवा येत नाही. व्याज येतं. कोविडच्या काळात त्यांनी पाच वर्षांचे रोखे १ टक्क्याच्या आसपास, कधी त्याहूनही खाली विकले. मुदत भरली की नवे रोखे काढून जुने फेडायचे, आणि आता तेच साडेतीन-चार टक्क्यांनी काढावे लागतात. २०२४ च्या अर्थवर्षात निव्वळ व्याजच सुमारे ८८ हजार कोटी डॉलर झालं, संरक्षणखर्चापेक्षा जास्त.

व्याज थकवता येत नाही. म्हाताऱ्यांचं पेन्शन आणि औषधपाणी यांना हात लावायला तिथला कुठलाच पक्ष धजत नाही. मग कात्री कुठे चालते? जिथे मतदार नाही तिथे. परदेशी मदत म्हणजे त्यांच्या अंदाजपत्रकाचा जेमतेम १ टक्का, तरी घाव तिच्यावरच पडला. ती मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेचं काम जुलै २०२५ मध्ये बंद केलं. मला हे फार खुपतं. वाचलं अगदी थोडं, आणि दवाखाने बंद पडले ते आफ्रिकेतल्या गरिबांचे.

आरमाराचं ऐका. २०११ मध्ये कर्जमर्यादेवरून त्यांच्या संसदेत तिढा पडला आणि खर्चावर सक्तीची कात्री लावणारा कायदा झाला. त्या कात्रीच्या धास्तीने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘हॅरी ट्रुमन’ ही विमानवाहू नौका आखाताकडे निघायच्या तोंडावर थांबवली. दोन नौकांच्या जागी एकीवर भागवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात खर्चाच्या मंजुरीवरून सरकारी कामकाज बंद पडलं म्हणून ओबामा बालीला आशिया-पॅसिफिक देशांच्या शिखर परिषदेला गेले नाहीत. शी जिनपिंग गेले. शत्रूने एक गोळी झाडली नव्हती.

आणि मांडवीकाठ, दटावणारा आहे. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्पनी जगभर आयातशुल्क लावलं, रोख्यांची विक्री सुरू झाली, दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा भराभर वर गेला, म्हणजे सरकारला नवं कर्ज महाग पडू लागलं. ९ तारखेला बहुतेक देशांसाठी ९० दिवसांची स्थगिती! रोखेबाजारावर नजर होती, हे ट्रम्प स्वतःच बोलले. ब्रिटनला एका मित्राने दटावलं, इथे हजारो गुंतवणूकदार एकदम दार ठोठावतात. त्यात जपान आहे, तसे अमेरिकेतलेच पेन्शन फंडही आहेत.

वास्कोची_बाय
देव बरें करूं, काका. म्हणजे उद्या लाल समुद्रात परत पेटलं तर ते येणार नाहीत?

रोखेवाला_म्हापसा
येतील. २०२५ च्या मार्चपासून हुथींवर हल्ले झाले त्यात तीच ट्रुमन होती. यायला पैसा अडत नाही, वर्षानुवर्षं तिथे राहायला अडतो. काही हजार डॉलरचं ड्रोन पाडायला वीसेक लाख डॉलरचं क्षेपणास्त्र सोडावं लागतं. मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीने ते हल्ले थांबले. कर्जामुळेच थांबले असं मी म्हणणार नाही, पण अशी लढाई लांबवणं दर वर्षी महाग होत जाणार. तेव्हा त्यांच्या भरवशावर भावाची सुरक्षितता मोजू नका.

जुना_तारवटी
बाय, भावाला आज फोन करून करार काढायला सांग. कामगार संघटनांचा आंतरराष्ट्रीय करार लागू असलेल्या जहाजावर, युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या पाण्यात जायला नकार देता येतो, आणि घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. हे कलम सही करताना कोणी वाचत नाही. एजंटाने ‘असतंच ते’ म्हटलं तरी कागदावर बघ. नसेल तर पुढच्या करारावर सही करायच्या आधी संघटनेकडे जा.