ऊसतोडीच्या कोयत्याला कोणती कानस घ्यावी?

राम राम मंडळी, मदत हवी आहे. गळीत हंगाम तोंडावर आलाय आणि घरचे कोयते धारेला काढलेत. आमचं रान करवीर तालुक्यात. कोयते लोहाराकडून घडवलेले, पाणी चांगलं दिलेलं (म्हणजे तापवून, विझवून पातं कडक केलेलं). पण ग्राइंडरवर धार लावली की पातं तापून कडेला निळं पडतं, म्हणजे पाणी उतरलंच, पातं मऊ पडलं. मग कांडीवर चार घाव पडले की बोथट. म्हणून यंदा हातानंच कानस मारायची.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत दुकानदारानं दोन कानशी पुढ्यात ठेवल्या. एक १० इंची बास्टर्ड (जाड दातांची), डबल कट, म्हणजे दातांच्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या. दुसरी ८ इंची सेकंड कट (त्याहून बारीक दातांची), सिंगल कट, म्हणजे रेघा एकाच दिशेच्या. डबल कट पटापट लोखंड ओढते, पण धारेवर ओरखडे ठेवते. सिंगल कटला वेळ जातो, पण कड साफ निघते. माझं मन तिच्याकडेच आहे. एकच घ्यायची तर तुम्ही कोणती घ्याल? लांबी वाढली की त्याच प्रतीचे (बास्टर्ड, सेकंड कट) दातही जाडे होतात, त्यामुळं ८ की १० हेही सांगा.

एका कोयत्यावर तर कानस धरतच नाही, नुसती घसरते. पातं फारच कडक झालेलं दिसतंय. त्याला दगड लावावा, की लोहाराकडून थोडं पाणी उतरवून घ्यावं?

कानस पुढं ढकलताना दाबायची, मागं आणताना उचलायची, हे गावातल्या फिटरकाकांनी दाखवलंय. कोन मात्र नीट जमत नाही. तोडणीवाल्यांनी फोटो टाकून दाखवला तर फार उपकार होतील.